चकतीला मागची आठवण नसते

बेरीज-वजाबाकी कळली, व्याज काढता आले, एकराचे गुंठे करता आले, की शेतकऱ्याच्या पोराला आणखी कशाला हवे गणित? असे म्हणणारे पालक मला नोकरीच्या एकतीस वर्षांत दर वर्षी चार-दोन तरी भेटत. मी त्यांचे बोलणे ऐकून घेई आणि चहा पाजून वाटेला लावी. पण एक प्रकरण असे आहे, की ते शेतकऱ्याच्या घरात जितके उपयोगी पडते तितके दुसऱ्या कुणाच्या क्वचितच पडत असेल. ते प्रकरण म्हणजे संभाव्यता. एखादी गोष्ट घडण्याचा संभव किती, याचा हिशेब. पाऊस वेळेवर येईल का, पेरलेले उगवेल का, गाय कालवड देईल की गोऱ्हा, कांदा काढेपर्यंत भाव टिकेल का? आपले सारे वर्ष अशा 'होईल की नाही'वरच तर उभे असते.

दहावीच्या गणितात हे प्रकरण आहे. त्यात नाणी असतात, फासे असतात, पत्ते असतात आणि फिरत्या बाणाची चकतीही असते. मला शिकवायला चकतीच फार आवडे. एक तर ती घरी करता येते. जुन्या वहीचा पुठ्ठा घ्यावा, कंपासने वर्तुळ काढावे, कोनमापकाने भाग पाडून रंगवावेत, मधोमध टाचणी टोचावी, टाचणीत सदऱ्याचे बटण आणि त्यावर पातळ पत्र्याचा बाण अडकवावा. झाली चकती. दुसरे म्हणजे, तिच्यावर संभव डोळ्यांना दिसतो. तरीही मुले तिच्यावर चुकत, आणि दर वर्षी त्याच त्या चुका करीत. पुढे पुढे माझ्या ध्यानात आले, की या चुका फक्त मुलांच्या नाहीत. पारावर बसलेली मोठी माणसेही त्याच करतात. फरक एवढाच, की मुलाचा एक गुण जातो आणि मोठ्यांचे पैसे जातात. कधी कधी त्याहून जास्त जाते.

रंग किती ते पाहू नका, जागा किती ते पाहा

पहिली चूक अगदी सोपी. चकतीचा अर्धा भाग लाल, पाव हिरवा, पाव पिवळा. बाण लालवर थांबण्याचा संभव किती? वर्गातले निम्मे हात वर होत आणि उत्तर येई, 'तिनात एक!' का? तर रंग तीन आहेत म्हणून. मी विचारी, 'तिघा भावांच्या वाटण्या झाल्या. थोरल्याला ४ एकर मिळाले, धाकट्या दोघांना दोन-दोन. आभाळातून एकच गार पडली, तर ती कुणाच्या रानात पडण्याचा संभव जास्त?' मग सगळे हसून म्हणत, थोरल्याच्या. म्हणजे भाऊ तीन असले तरी संभव सारखा नाही. तो जमिनीप्रमाणे वाटला जातो. चकतीवर तो कोनाप्रमाणे वाटला जातो. ३६० अंशांत लाल १८०, म्हणून दोनात एक. हिरवा आणि पिवळा चारात एक.

पुस्तकात 'समसंभाव्य' हा शब्द येतो. मुले तो पाठ करतात, पण त्याचा अर्थ तपासून पाहत नाहीत. सगळ्या निष्पत्ती सारख्या वजनाच्या असतील तरच त्या मोजून भागाकार करायचा. नाहीतर आधी वजन पाहायचे. 'पाऊस पडेल किंवा पडणार नाही, म्हणजे निम्मे-निम्मे' असे म्हणणारा माणूस हीच चूक करतो. असे असते तर मे महिन्यातही दिवसाआड पाऊस पडला असता.

दुसरी चूक दोन चकत्यांची. दोन्हींवर १ ते ४ असे सारखे भाग. दोन्ही फिरवायच्या आणि आकड्यांची बेरीज करायची. बेरीज २ पासून ८ पर्यंत येते, म्हणजे सात प्रकार. म्हणून प्रत्येकाचा संभव सातात एक, असे मुले लिहीत. मी फळ्यावर चार ओळी आणि चार रकाने आखून भाजीच्या वाफ्यांसारख्या १६ चौकटी पाडी आणि प्रत्येकीत बेरीज लिहायला लावी. मग दिसे, की २ एकाच चौकटीत आहे, ८ ही एकाच चौकटीत आहे, पण ५ चार चौकटींत आहे: १ आणि ४, २ आणि ३, ३ आणि २, ४ आणि १. म्हणजे बेरीज २ येण्याचा संभव सोळात एक आणि ५ येण्याचा सोळात चार. इथे हुशार मुलेसुद्धा अडत. '२ आणि ३ काय, ३ आणि २ काय, एकच की!' असे म्हणत. मी एक चकती लाल कागदाची आणि दुसरी निळ्या कागदाची केली, तेव्हा हा वाद मिटला.

या चुकीने मुलांनी खट्टू होऊ नये म्हणून मी त्यांना दालांबेरची गोष्ट सांगे. हा फ्रान्समधला फार मोठा गणिती. १७५४ साली तिथल्या विश्वकोशात त्याने लिहिले, की नाणे दोनदा उडवले तर निदान एकदा छाप येण्याचा संभव तिनात दोन. त्याचे म्हणणे, पहिल्यांदाच छाप आली तर खेळ संपला. नाहीतर काटा मग छाप, किंवा काटा मग काटा. प्रकार तीनच. पण ते तीन प्रकार सारख्या वजनाचे नाहीत. पहिल्या प्रकाराला दुप्पट वजन आहे, म्हणून खरे उत्तर चारात तीन. एवढा मोठा माणूस जिथे घसरला, तिथे आपण चौकटी आखून चालावे, हे बरे.

सव्वा रुपयाचा संभव

'किंवा' आणि 'निदान एकदा' हे दोन शब्द आले की मुले डोळे झाकून बेरीज करतात. १ ते ८ च्या चकतीवर सम संख्या किंवा ३ ची पट येण्याचा संभव विचारला, की सम चार, ३ च्या पटी दोन, मिळून सहा, असे उत्तर येते. यात ६ दोनदा मोजला गेला. तो समही आहे आणि ३ ची पटही आहे. गावात गाय किंवा म्हैस असलेली घरे मोजायची, तर दोन्ही असलेले घर आपण दोनदा धरत नाही. बरोबर उत्तर आठात पाच. याच चकतीवर मूळ संख्या विचारली की हमखास १ धरला जातो. १ ही मूळ संख्या नव्हे. २, ३, ५, ७ याच चार. ही चूक संभवाची नाही, मागच्या इयत्तेची आहे. पण गुण दोन्हीकडे सारखाच कापला जातो.

'निदान एकदा'ची चूक जास्त खोल आहे. चकतीचा चौथा हिस्सा पिवळा. एकदा फिरवली तर पिवळा येण्याचा संभव चारात एक. चारदा फिरवली तर? मुले म्हणत, चार चौथाई म्हणजे एक, येणारच. मी विचारी, 'आणि पाचदा फिरवली तर?' हिशेबाने येतो सव्वा. म्हणजे नक्कीपेक्षाही पाव नक्की जास्त! इथे वर्ग हसे आणि आपले काहीतरी चुकले हे मुलांना आपोआप कळे. संभव कधी एकाच्या वर जात नाही. मग करायचे काय? उलटीकडून जायचे. पिवळा एकदाही न येण्याचा संभव काढायचा. प्रत्येक खेपेला न येण्याचा संभव चारात तीन. चारदा गुणले की ८१/२५६, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. उरलेला संभव पिवळा निदान एकदा येण्याचा: १७५/२५६, दोन तृतीयांशाहून थोडा जास्त. नक्की नव्हेच.

हा उलटा हिशेब नदीकाठच्या माणसाने जरूर शिकावा. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असे शब्द आपण ऐकतो आणि समजतो, की आपल्या हयातीत काही येत नाही. त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की दर वर्षी शंभरात एक संभव. नदीकाठी घर बांधून तिथे तीस वर्षे राहायचे, तर त्या तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याचा संभव निघतो शंभरात २६. चारातला एक म्हणा ना. चारातला एक संभव असेल, तर जोत्याचे दोन थर वर घेण्याचा खर्च कुणाला जड वाटू नये.

दहा बियांचा भरवसा

एकदा एका मुलाने १ ते ८ ची चकती घरून करून आणली आणि आठ वेळा फिरवली. ३ आला तीनदा आणि ५ एकदाही नाही. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, 'गुरुजी, माझी चकती खोटी झाली.' त्याला वाटत होते, की आठ भाग आहेत म्हणून आठ फेऱ्यांत प्रत्येक आकडा एकेकदा आला पाहिजे. आम्ही वर्गात हिशेब केला. आठ फेऱ्यांत आठही आकडे बरोबर एकेकदा येण्याचा संभव चारशेत एक इतकाही भरत नाही. तसे आले असते तरच नवल! थोड्या फेऱ्यांत आकडे वेडेवाकडे पडणारच. मग आम्ही पाळीपाळीने चारशे वेळा ती चकती फिरवली, तेव्हा सगळे आकडे पन्नासाच्या आसपास आले. चकती खरी होती.

आता हे घरच्या सोयाबीनला लावून पाहा. उगवण तपासायला कुणी मूठभरातले दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवतो आणि सात उगवले की सत्तर टक्के झाले म्हणून निर्धास्त होतो. ज्या बियाण्याची खरी उगवण पन्नास-पंचावन्न टक्के आहे, त्यातलेही दहापैकी सात दाणे पुष्कळदा उगवतात. म्हणून तर कृषी खाते शंभर दाणे घ्यायला सांगते. पोत्याच्या वरच्या, मधल्या, खालच्या भागातले दाणे न निवडता घ्यावेत, ओल्या गोणपाटात ठेवावेत आणि मोजावेत. शंभरातले सत्तर उगवले तर त्या सत्तरावर भरवसा ठेवता येतो.

'न निवडता' हे दोन शब्द महत्त्वाचे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ. देशातल्या पिकांचे उत्पन्न मोजण्यासाठी पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या पद्धतीचे मर्म हेच, की कापणीचा तुकडा माणसाने पसंत करायचा नाही; तो चिठ्ठी टाकावी तसा यादृच्छिक आकड्यांनी ठरायचा. माणूस निवडू लागला की त्याचे पाय सडकेकडेच्या हिरव्यागार रानाकडे वळतात. महाभारतातल्या नलाच्या कथेत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने-फळे नुसत्या नजरेने सांगतो, आणि तोच नलाला फाशांची विद्याही देतो. अंदाजाची विद्या आणि फाशांची विद्या एकाच माणसाकडे असावी, हे त्या जुन्या कथाकाराला उगाच सुचलेले नाही.

जत्रेतल्या चक्रीचा हिशेब मी दर वर्षी जत्रेच्या आदल्या आठवड्यात शिकवी. समजा, चक्रीवर दहा आकडे आहेत. एक रुपया लावायचा. आकडा लागला तर आठ रुपये. शंभर डाव खेळले तर शंभर रुपये गेले. आकडा सरासरी दहा वेळा लागेल, म्हणजे ऐंशी रुपये हाती येतील. रुपयामागे वीस पैसे चक्रीवाल्याचे, आणि तेसुद्धा चक्री खरी असेल तर. ती जराशी कलती टांगली किंवा एखादा खिळा वाकवला, तर मग विचारूच नका.

आता तरी येणारच

सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत हट्टी चूक शेवटी सांगतो. अर्धी लाल, अर्धी हिरवी चकती. तीनदा सलग लाल आला. चौथ्यांदा काय येईल? सगळा वर्ग एका सुरात ओरडे, 'हिरवा!' मी विचारी, 'चकतीला कसे कळणार, मघाशी काय आले ते?' पुठ्ठ्याला आठवण नसते आणि टाचणीला न्याय-अन्याय कळत नाही. युरोपात माँटे कार्लो नावाचे जुगाराचे ठिकाण आहे. तिथे १९१३ साली एका रात्री चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला. 'आता तरी लाल येणारच' म्हणून लोक दर खेपेला लालवर पैसे लावत गेले आणि पार धुऊन निघाले.

आपल्याकडेही तेच चालते. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ साली मोठा पूर आला, तेव्हा 'आता पुढची पन्नास वर्षे काळजी नाही' असे म्हणणारे लोक होतेच. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा घरात शिरले. पाऊस म्हणजे काही पुठ्ठ्याची चकती नव्हे. त्यामागे समुद्र आहे, वारे आहेत, आणि त्यांचा अभ्यास करणारी माणसे आहेत. पण 'यंदा झाले म्हणजे पुढे होणार नाही' असा करार पावसाने कुणाशी केलेला नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिघी बहिणींत थोरली. ही चूक शिकवून झाल्यावर ती तास संपला तरी बाकावरच बसून राहिली. मग हळूच म्हणाली, 'गुरुजी, हे आमच्या बाबांना सांगाल का?' घरात चौथ्या बाळंतपणाचे बोलणे चालले होते. आई अंगाने अगदी खंगलेली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी बजावून सांगितले होते, की आता पुरे. पण आजीचे म्हणणे, तीन लेकी झाल्या, आता चौथ्याला देव मुलगाच देईल.

मी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गेलो. जाताना चकती बरोबर नेली. वडील शहाणे गृहस्थ होते. बोलता बोलता म्हणाले, 'गुरुजी, चारांत एक तरी मुलगा होतोच की. हिशेबच आहे तो.' मी म्हणालो, 'हिशेब खरा आहे, पण तो लग्नाच्या दिवशी करायचा. तेव्हा चार मुलांत निदान एक मुलगा होण्याचा संभव सोळात पंधरा. आता तीन लेकी झाल्या. त्या सोळांपैकी चौदा वाटा मागे गेल्या. उरल्या दोन: तीन लेकींवर मुलगा, नाहीतर चार लेकी. संभव निम्मा-निम्मा.' खरे तर शंभर जन्मांत मुलगे एक्कावन्नाच्या आसपास असतात. पण तो एक-दीड सोडून देऊ.

त्यांना ते पटेना. मग आम्ही कंदिलाजवळ चकती मांडली. एक बाजू लाल, एक हिरवी. वडील फिरवायचे, मुलगी वहीत रेघा ओढायची. सलग तीन लाल आले, की त्यानंतर काय येते ते वेगळे लिहायचे. दीडशेवर वेळा चकती फिरली. अठरा वेळा सलग तीन लाल आले. त्यापुढे दहा वेळा पुन्हा लाल आणि आठ वेळा हिरवा. वडील बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. आजी माजघराच्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, 'म्हणजे हिच्या पोटी लेकीच लिहिल्यात म्हणा की!' मी म्हणालो, 'नाही, आजी. तेही चूकच. आठ वेळा हिरवा आलाच ना? आणि मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरते. सूनबाईला त्यात बोल लावायला जागाच नाही.'

मी त्यांना काय करावे ते सांगितले नाही. ते सांगणे माझे काम नव्हते. एवढेच म्हणालो, की जे ठरवायचे ते 'येणारच' असे धरून ठरवू नका. निम्म्या संभवासाठी हिच्या जिवाचे काय मोल लावायचे, असे विचारून ठरवा. पुढच्या महिन्यात कळले, की त्यांनी तीनवरच थांबायचे ठरवले. शस्त्रक्रिया वडिलांनी स्वतःची करून घेतली. 'ती आधीच अशक्त आहे, तिला आणखी कशाला,' एवढेच ते म्हणाले. आमच्या भागात तेव्हा पुरुषाने असे करणे ही साधी गोष्ट नव्हती.

पालकांनी एक करावे. दहावीतल्या मुलामुलीकडून पुठ्ठ्याची चकती करून घ्यावी आणि रात्री जेवणे झाली की घरात सगळ्यांनी मिळून ती फिरवावी. फिरवण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा. तोंडी सांगू नये, नंतर तो बदलतो. फेऱ्या शंभराच्या आत थांबवू नयेत. चकती सपाट फरशीवर ठेवावी आणि टाचणी सरळ आहे ना, ते पाहावे. आजी-आजोबांनाही खेळात घ्यावे. 'आता तरी येणारच' असे कुणी म्हणाले, की वहीतली रेघ दाखवावी. वाद घालत बसू नये. मुलाचा परीक्षेतला एक गुण तर वाचेलच, आणि घरात काही मोठे ठरवायची वेळ आली की ती वही पुन्हा उघडायला हाताशी राहील.